कळवते, असं ती म्हणाली

आमच्या भागात मुलगी बघायला गेलं की तोंडावर “नाही” असं कुणी म्हणत नाही. पोहे देतात, चहा देतात, बाग किती एकर, उन्हाळ्यात पाणी पुरतं का, बहीण-भाऊ किती, सगळं विचारतात. आपण निघतो, दारात वाकून चपला घालत असतो, तेव्हा मुलीचा बाप नाहीतर काका म्हणतो, “कळवतो.” कळवतो म्हणजे नाही. हे श्रीगोंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर फोन येत नाही. आपण केला तर उचलत नाहीत, आणि चुकून उचललाच तर पत्रिका जुळत नाही म्हणतात. ज्यांनी पत्रिका मागितलीसुद्धा नव्हती, तेही हेच म्हणतात.

आठ वर्षं मी हा शब्द ऐकत होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा माझा तोरा काही औरच होता. बी.एस्सी. झालेला, चार एकर लिंबोणीची बाग, स्वतःचं घर, एकुलता एक. पहिल्या दोन-तीन मुलींना तर आम्हीच कळवतो म्हणालो होतो. एक सावळी होती म्हणून, एक जरा बुटकी वाटली म्हणून. त्यातल्या एकीचा बाप आम्हाला सोडायला पार डांबरी रस्त्यापर्यंत आला होता आणि आम्ही जीपमध्ये बसल्यावर हसलो होतो. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग वारं फिरलं. शेती म्हटलं की पुढचं कुणी ऐकेना. पुण्याला नोकरी आहे का, निदान नगरला फ्लॅट आहे का, असं विचारायला लागले. मी चिडायचो. लिंबू पिळून सरबत पिताय, अन् लिंबू लावणारा नको, असं एकदा एका गृहस्थाला तोंडावर बोललो. त्यांनी तर कळवतोसुद्धा म्हटलं नाही. बत्तीस झाली, चौतीस झाली, छत्तीस झाली. मित्रांची पोरं शाळेत जायला लागली. मी लग्नांना जाणं सोडलं, कारण मांडवात प्रत्येक बाई विचारायची, “काय, तुमचं कधी?” वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. घरात आई आणि मी. आईनं हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. तिलाही तेच विचारायचे.

खरं सांगतो, त्या वर्षी मी पार मेटाकुटीला आलो होतो. जातीतली हवी, शिकलेली हवी, हे सगळं केव्हाच गळून पडलं होतं. कुणीही चालेल, फक्त हो म्हणा. बागेत तोडणीला बाया यायच्या, आपापसात काहीतरी बोलून हसायच्या, आणि मला वाटायचं मलाच हसतायत. एकदा त्यांच्यावर उगाच खेकसलो. दुसऱ्या दिवशी तोडणीला कुणी आलं नाही.

अशात मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माझ्या लग्नाची सगळी धावपळ त्याच्याच गळ्यात.

“एक स्थळ हाय,” तो म्हणाला. “पोरगी नगरला लॅबमधी रक्त काढती. वय चौतीस. माहेर बेलापूरकडं, पन राहती नगरलाच, खोली घेऊन. एक साखरपुडा मोडलेला हाय. चालतंय ना?”

“चालतंय,” मी म्हणालो. न विचारता.

“पन तिची एक अट हाय. घरी बघायचा कार्यक्रम न्हाई. सावेडीत एक हाटेल हाय, तिथं भेटू म्हनती. फ्रेंच हाय म्हनं. बिस्ट्रो का काय.”

“फ्रेंच म्हंजी कसलं?” आईनं फोनपाशी तोंड आणून विचारलं.

“आता मला काय ठावं, मी काय रोज जातोय व्हय?” मामा म्हणाला.

त्याच दिवशी तिचा मला मेसेज आला. हॉटेलचा पत्ता, आणि खाली एक ओळ: शनिवारी चार वाजता तुम्ही या. मी तो मामाला वाचून दाखवला. मामा म्हणाला, तुमी या म्हंजी आपन सगळ्यांनी यायचं. मला पटलं. मुलगी बघायला एकटा माणूस जातो हे आमच्यात कुणी ऐकलेलंच नाही. आपल्या भाषेत एकट्यालाही तुम्ही म्हणतात आणि दहाजणांनाही तुम्हीच म्हणतात, हे त्या वेळी आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तर शनिवारी आम्ही तिघं एस.टी.नं नगरला गेलो. आईनं ठेवणीतली जरीकाठी नेसलेली, मामानं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मी नवे बूट, ते चावत होते. चष्म्याचं दुकान आणि शिकवणीचे वर्ग यांच्या मधल्या गाळ्यात ते हॉटेल होतं. बाहेर दोन कुंड्या आणि एक लाकडी बाकडं. आत सगळी मिळून सहा टेबलं, तीही एवढीशी. भिंतीला काळी पाटी, तिच्यावर खडूनं पदार्थांची नावं इंग्रजी अक्षरांत. पिवळे मंद दिवे, आणि लोण्यात कांदा परतल्याचा खमंग वास. मला वाटलं होतं काचेचं, झगमगीत काहीतरी असेल, वेटर इंग्रजीत बोलतील. तसलं काही नव्हतं. कुणाच्या तरी घरच्या स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटलं.

ती कोपऱ्यातल्या दोघांच्या टेबलापाशी बसली होती. साधा निळा कुडता, केस मागं बांधलेले. मला बघून ती उठली, मग माझ्यामागून आई आत आली, आईमागून मामा. तिच्या चेहऱ्यावरून काय झालंय ते मला लगेच कळलं. ती माझ्या एकट्याची वाट बघत होती. पण तिनं आईला वाकून नमस्कार केला आणि मालकाला म्हणाली, “दादा, अजून दोन खुर्च्या मिळतील?”

त्या टेबलावर चौघं म्हणजे गुडघ्याला गुडघे लागत होते. मामानं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि जाहीर केलं, “माझा शनिवार हाय. मी फक्त पानी घेईन.” खाण्यातून सुटल्यामुळं प्रश्न विचारायला तो मोकळा झाला. मालक स्वतः आला. नगरचाच माणूस, कितीतरी वर्षं जहाजाच्या स्वयंपाकघरात काढून परत आलेला. आईनं त्याला आधी हेच विचारलं की यात मटणबिटण तर नाही.

“नाही मावशी,” तो म्हणाला. “तिकडं हाडांचं पाणी घालतात, मी भाज्यांचं घालतो. कांद्याचं सूप घ्या. पुढं क्रेप देतो, आपलं धिरडंच समजा.”

खोलगट मातीच्या वाडग्यातून सूप आलं. वर पावाचा जाड तुकडा, त्यावर वितळून खरपूस झालेलं चीज, खाली तपकिरी रस्सा. आईनं चमचा बाजूला ठेवला, पावाचा कोपरा मोडला, रश्शात बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटले. “कांदा लई येळ भाजलाय,” ती म्हणाली. “तासभर तरी.” मालक म्हणाला, “दीड तास, मावशी.” दोघं एकमेकांकडं बघून हसले. ती मुलगीही हसली. आईला इतक्या मोकळेपणानं हसताना मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं, आणि माझ्या मनात आलं, देवा, हे जमू दे. एवढं एक जमू दे.

मामा सुटलाच होता. स्वयंपाक येतो का, गावाकडं राहायची सवय आहे का, देवाधर्माचं काय. ती सगळ्याला नीट उत्तरं देत होती. मग त्यानं विचारलं, “तो साखरपुडा कशापायी मोडला?” आईनं टेबलाखालून त्याला पाय मारला, तो चुकून मला लागला.

“मी नोकरी सोडावी असं त्यांचं म्हणणं होतं,” ती म्हणाली. “मी सोडली नाही.” मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, “मामा, आम्ही दोघं थोडं बोलू का?”

मामाचं तोंड एवढंसं झालं, पण आईनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि दोघं बाहेर बाकड्यावर जाऊन बसली. काचेतून त्यांच्या पाठी दिसत होत्या.

ती म्हणाली, “तुम्हाला लग्न कशासाठी करायचंय?”

आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. वय झालं म्हणून, आईला सुनेचा हात हवा म्हणून, अशी उत्तरं तोंडावर आली, पण तिच्यासमोर ती बोलवेनात. मी म्हणालो, “घरात आई आणि मी. आमच्यातलं बोलणं संपलंय. ती विषय काढील म्हणून मी गप्प, मला लागेल म्हणून ती गप्प. दोघं खाली मान घालून जेवतो. मला फार एकटं वाटतं. कधी कधी वाटतं, हे असंच संपणार.” आणि माझा आवाज भरून आला. परक्या बाईसमोर. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

तिनं नजर वळवली नाही. ती म्हणाली, “मला माहितीये ते.” मग तिचं सांगू लागली. पहाटे उठून लॅब गाठायची, सहापासून लोकांच्या शिरा शोधायच्या. शनिवारी तीनला सुटते, मग इथं येऊन सूप घेते. एकटी बाई कुठं खायला बसली की चार डोळे वळतात, इथं वळत नाहीत, म्हणून ही जागा. भावाच्या घरी गेलं की वहिनी ताटाबरोबर उपदेशही वाढते. असं सांगता सांगता तिनं पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसून साफ केला, अगदी आमच्या बागेतल्या बाया दुपारी डबा पुसतात तसं. मला ती फार आवडली. उगाच आव नाही, नखरा नाही.

“श्रीगोंद्याहून रोज येणं-जाणं जमेल तुम्हाला?” मी विचारलं. “नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही.”

“सकाळची पाळी बदलून मिळाली तर जमेल,” ती म्हणाली. मग क्रेपचा मोठा वाटा माझ्याकडं सरकवत तिनं विचारलं, “तुम्हाला राग येतो का हो?”

“छे,” मी म्हणालो. “मी शांत आहे.”

पाऊण तास आम्ही बोललो. मी मनातल्या मनात घराची मागची खोली तिला देऊन टाकली, सकाळच्या एस.टी.ला तिला मोटरसायकलवरून फाट्यावर सोडूनही आलो. हसाल तुम्ही. पण तहानलेल्याला कुणी पाणी दाखवलं की तो भांडं कुठलं ते बघत नाही.

निघायची वेळ झाली. आई आणि मामा दारात येऊन उभे राहिले. तिनं आईला पुन्हा नमस्कार केला, माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “मी कळवते.”

मला आतून काहीतरी तडकल्यासारखं झालं. तेच दार, तोच शब्द. पाऊण तास माझ्याकडून सगळं काढून घेतलं, मला रडकुंडीला आणलं, आणि शेवटी हेच.

“कळवू नका,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“नाही म्हणायचं तर इथंच म्हणा. तोंडावर. आठ वर्षं कळवतो, कळवतो ऐकून कान किटले माझे.”

“अहो, मी कळवते म्हटलं म्हणजे कळवते.”

“माहितीये कसं कळवतात ते.” माझा आवाज चढला होता, तो मलाच ऐकू येत होता आणि मला आवरता येत नव्हता. “शेतकरी नको तर इथवर बोलावलं कशाला? सूप पाजायला? आम्ही काय भीक मागायला आलो होतो का तुमच्या दारी?”

सहाच टेबलं होती. बाकीच्या पाचही टेबलांवरची माणसं आमच्याकडं बघत होती. मालक हात पुसत बाहेर आला. आई माझी बाही ओढत होती, “आरं चल, चल बाबा.” ती मुलगी मागं वळली. परत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि टेबलावरच्या रिकाम्या वाडग्याकडं बघत राहिली. ज्या जागी तिच्याकडं कुणी वळून बघत नव्हतं, त्या जागी सगळे तिच्याकडं बघत होते. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी बाहेर पडलो.

एस.टी.त मामानं मला सोलून काढलं. “तोंडाला कुलूप घाल तुझ्या. हातातलं घालवलंस.” मी म्हणालो, हातात होतंच काय, कळवते म्हणाली ती. मामालाही ते पटलं, कारण कळवतेचा दुसरा अर्थ त्यालाही माहीत नव्हता. आई खिडकीबाहेर बघत होती.

मंगळवारी सकाळी मी बागेत होतो. फोन वाजला. तिचा.

“मी कळवते म्हणाले होते,” ती म्हणाली. “शनिवारी आमचे साहेब नव्हते. सोमवारी त्यांना विचारलं. दहाची पाळी मिळतेय. म्हणजे श्रीगोंद्याहून जमलं असतं.”

असतं म्हणाली ती.

“पण माझा नकार आहे. तुम्हाला ताटकळत ठेवायचं नव्हतं, म्हणून फोन केला.” आणि फोन बंद झाला.

मी लिंबोणीच्या बुडाशी बसलो तो कितीतरी वेळ उठलोच नाही. ती पाळी बदलून मागणार होती. मला हो म्हणण्याआधी, घरच्यांना सांगण्याआधी, ती आधी तेवढं बघणार होती आणि मग कळवणार होती. एवढा सरळ अर्थ होता. सबंध जिल्ह्यात हा शब्द खरा करणारी एक बाई निघाली आणि तिच्यावर मी खेकसलो. मला ओरडून रडावंसं वाटलं. बागेत बाया होत्या म्हणून रडलो नाही.

चार दिवस अन्न गोड लागलं नाही. मेसेज लिहायचो, पुसायचो. दोन पाठवले, तिनं उत्तर दिलं नाही. मामाच्या पाया पडलो, त्यानं तिच्या भावाला फोन केला, भाऊ म्हणाला ती ऐकत नाही. शेवटी शनिवारी मी एकटाच नगरला गेलो. असं जाणं बरोबर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बुडणारा माणूस बरोबर-चूक बघत नाही.

ती त्याच टेबलावर होती, पुढ्यात सूप. मला बघून मालक काउंटरमागून बाहेर आला आणि उभा राहिला. तिनं त्याला हातानंच राहू द्या म्हणून सांगितलं. बसा म्हणाली नाही. मी उभाच राहिलो.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “मी हात जोडतो. तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी तसा नाही हो. कुणालाही विचारा, गावात विचारा. मी तसा नाही.”

तिनं चमचा खाली ठेवला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

“नसालही,” ती म्हणाली. “पण ते कळायला मला तुमच्या घरात राहायला यावं लागेल.”

तिनं थोडी वाट बघितली, मग पुन्हा चमचा उचलला. मी मालकाला नमस्कार केला आणि बाहेर आलो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी कुठं गेलो होतो ते तिला न सांगताही कळलं होतं. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द. मला वाटलं आई कपाळाला हात लावील, नाहीतर त्या पोरीला चार शब्द ऐकवील. सुनेसाठी तिनं किती नवस बोलले होते ते मला माहीत होतं.

आई सुपातले खडे निवडत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या बापाला बी समदं गाव शांत मानूस म्हनायचं.”

मी तिच्याकडं बघितलं.

“मला कुनी हाटेलात भेटवलं न्हाई,” ती म्हणाली. “भेटवलं असतं, अन् त्यो तवा वरडला असता, तर मी बी न्हाई म्हनले असते. पोरीनं बरं केलं.”

एवढं बोलून ती निवडलेले तांदूळ घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.